पाणी पाहणं आणि पाणी ओतणं: 'डाउझ' आणि 'डाउस' कुठे, कसं वापरावं

ताई, तुमचा प्रश्न आधी इथे थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. अंबाजोगाईकडच्या एका आजींच्या १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी तुम्ही इंग्रजीत नेताय. त्यातल्या दोन वाक्यांवर तुम्ही अडलात.

पहिलं: "मामानं लिंबाची बेचकी धरून सगळं रान पाहिलं, नाल्याच्या कडंला पाणी सांगितलं, तिथं सहा परस खांदलं तर दगडच लागला."

दुसरं: "धोंडीचं पोरगं दारात आलं की आम्ही त्याच्या डोक्यावर पाणी ओतायचो. तांब्यातलं अर्धंच." (धोंडी म्हणजे पाऊस पडावा म्हणून अंगाला डहाळे बांधून दारोदार फिरवलेला पोरगा.)

दोन्हीकडे तुम्ही एकच क्रियापद वापरलं, डी-ओ-यू-एस-ई. तपासणाऱ्यांनी पहिल्या वाक्यावर खूण केली आणि 'मामांनी पाणी भिजवलं असा अर्थ होतोय' असं शेजारी लिहिलं. दुसऱ्या वाक्यावर काहीच म्हटलं नाही. तुम्ही विचारता, शब्द एकच आहे की दोन, आणि पाणाड्यासाठी, म्हणजे पाणी कुठे लागेल ते सांगणाऱ्या माणसासाठी, नेमकं काय लिहायचं.

मी लातुरात राहतो. गेली २४ वर्षं पाण्याच्या कामाचे अहवाल, प्रशिक्षणाच्या पुस्तिका आणि शेतकऱ्यांच्या मुलाखती मराठीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून मराठीत करतोय. त्या अनुभवावरून सांगतो: तुमच्या पहिल्या वाक्यातली चूक एका अक्षराची आणि एका शब्दयोगाची आहे, ती पाच मिनिटांत सुधारेल. ज्या वाक्यावर कुणी खूण केली नाही, ते दुसरं वाक्य मात्र मला जास्त खटकतं. त्याच्याकडे शेवटी येतो.

शब्द दोन आहेत. पाणी शोधण्याचा तो डी-ओ-डब्ल्यू-एस-ई, उच्चार डाउझ, शेवटी 'चीझ'मधला झ. भिजवण्याचा किंवा विझवण्याचा तो डी-ओ-यू-एस-ई, उच्चार डाउस, शेवटी साधा स. मी प्रशिक्षणात मुलांना एक खूण सांगतो, ती तुम्हीही ठेवा. 'ब्राउझ'मध्ये डब्ल्यू आहे, शेवटी झ आहे आणि अर्थ धुंडाळण्याकडे जातो. 'डाउझ' त्याच घरचा समजा. 'हाउस' आणि 'माउस' यांच्यात यू आहे आणि शेवटी स आहे. 'डाउस' त्यांच्या रांगेत बसवा. आपला 'ब्लाउज' या खुणेला दाद देत नाही, त्यात यू असून झ ऐकू येतो. पण एवढ्यासाठी खूण टाकून देऊ नका.

गोंधळ सगळा तुमचाच नाही. इंग्रजांनीही तो करून ठेवला आहे. शब्दकोश उघडला तर डब्ल्यूवाला शब्द भिजवण्याच्या अर्थाचंही पर्यायी स्पेलिंग म्हणून दिलेला दिसतो. जुन्या दर्यावर्दी गोष्टींत दिवा मालवायला, शीड झटकन उतरवायला दोन्ही स्पेलिंगं चालतात. अमेरिकेत काही जण भिजवण्याच्या शब्दालाही झ लावून बोलतात. म्हणून जुन्या पुस्तकात डब्ल्यू दिसला की लगेच पाणाड्या आला असं समजू नका, पुढचा मजकूर वाचा. पण स्वतः लिहिताना दोन अर्थांना दोन स्पेलिंगं काटेकोर पाळा. आजचा संपादक तेच मागतो.

दोन्ही शब्दांचा उगमही वेगळा. भिजवण्याचा 'डाउस' सोळाव्या शतकातला. त्याचा आधीचा अर्थ मारणे, तडाखा देणे असा होता, आणि पाण्यात बुडवणे, पाणी ओतणे हे नंतर आले. त्या शब्दात आजही थोडा झटका शिल्लक आहे, तो लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल. पाणी शोधण्याचा 'डाउझ' इंग्रजीत छापून दिसतो तो सतराव्या शतकाच्या अखेरीस. जॉन लॉक या तत्त्वज्ञाने व्याजदर आणि पैशाची किंमत यांवर एक निबंध लिहिला, त्यात सोन्याचांदीच्या खाणी दाखवणाऱ्या काडीचा उल्लेख या शब्दाने केला आहे. लॉक इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडच्या सॉमरसेटचा, आणि हा शब्द त्याच बाजूच्या बोलीतला मानतात. त्याचं मूळ कुठलं हे भाषातज्ज्ञांना आजवर ठरवता आलेलं नाही. तिथे ती काडी आधी धातूसाठी फिरवत, पाण्यासाठी तिचा वापर पुढे वाढला. जर्मन खाणींवर लिहिणाऱ्या अ‍ॅग्रिकोलाचा ग्रंथ १५५६ चा. त्यात बेचकी धरून डोंगरावर फिरणाऱ्या माणसांचं चित्रसुद्धा आहे. स्वतः अ‍ॅग्रिकोलाचं मत असं, की जमिनीच्या नैसर्गिक खुणा ज्याला वाचता येतात त्या खाणकामगाराला या काडीची गरज नाही.

आता मुख्य मुद्दा.

'डाउझ'चा अर्थ 'पाणी शोधणे' एवढाच नाही. त्या क्रियापदाच्या पोटातच काडी आहे. बेचकी, तांब्याच्या वाकवलेल्या तारा, हातावरचा नारळ, दोऱ्याला बांधलेला लोलक, असं काहीतरी हातात धरून आणि त्याच्या हालण्यावरून पाणी सांगणं म्हणजे डाउझ. भूवैज्ञानिक सळया ठोकून जमिनीत वीज सोडतो आणि खडकाची रोधकता मोजतो, तो डाउझ करत नाही. नाल्याची दिशा, उंबर आणि वारूळ बघून विहिरीची जागा सांगणारा म्हातारा शेतकरीसुद्धा हातात काही न धरता सांगत असेल तर डाउझ करत नाही.

मराठीत मात्र आपण या सगळ्याला 'पाणी पाहणं' म्हणतो. नारळावर पाहिलं, तारांवर पाहिलं, मशीनवर पाहिलं. शेतकऱ्याच्या तोंडी क्रियापद एकच असतं, साधन तेवढं बदलतं. म्हणून मराठी वाक्यात साधन सांगितलं नसेल तर अनुवादकाने विचारलं पाहिजे: कशावर पाहिलं?

हे मी चुकून शिकलो. अनुवादाच्या धंद्यात येऊन चार-पाच वर्षं झाली होती. एका संस्थेचा अहवाल परदेशातल्या देणगीदारांसाठी इंग्रजीत करायचा होता. मराठीत वाक्य होतं, "गावात पाणी पाहून बोअरच्या जागा ठरवल्या." नवा शब्द वापरण्याच्या हौसेत मी 'डाउझ' घातला. प्रत्यक्षात तिथे भूवैज्ञानिक दोन दिवस उन्हात मशीन घेऊन फिरले होते, प्रत्येक जागेचे आकडे वहीत होते. देणगीदारांचं पत्र आलं: आमच्या पैशाने काडी फिरवून बोअर घेतले का? खुलासे होईपर्यंत पुढचा हप्ता दोन महिने अडकला आणि एका तांड्यावरचं काम ऐन उन्हाळ्यात थांबलं. तिथल्या बायका त्या दोन महिन्यांत कुठून पाणी आणत होत्या ते मी नंतर जाऊन पाहिलं. तेव्हापासून 'पाहून' हा शब्द आला की मी फोन उचलतो. भूवैज्ञानिकासाठी इंग्रजीत 'सर्व्हे', 'लोकेट' किंवा विहिरीची 'साइटिंग' हे शब्द आहेत. तेच लिहा.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. 'डाउझ' हे शोधण्याचं क्रियापद आहे, सापडण्याचं नाही. व्याकरणात ते असं दिसतं: 'डाउझ'नंतर 'फॉर' येतो आणि मग 'वॉटर'. 'ही डाउझ्ड फॉर वॉटर', म्हणजे त्याने पाणी पाहिलं. लागलं की नाही ते वाक्य सांगत नाही. जागेला थेट कर्म करता येतं, 'ही डाउझ्ड द फील्ड', त्याने रान पाहिलं. 'फॉर' गाळून 'डाउझ्ड वॉटर' लिहिलं तर काही शब्दकोशांच्या आधाराने ते 'अशा रीतीने पाणी शोधून काढलं' या अर्थी बसतं. पण तसं फार कमी लिहिलं जातं, आणि तुमच्या मजकुरात ते दोन प्रकारे घातक आहे. वाचणाऱ्याला स्पेलिंगची चूक वाटून तो भिजवण्याकडे जाईल. आणि अर्थ बरोबर कळलाच, तर 'मामांना पाणी सापडलं' असं तो समजेल. आजी तर सांगतायत की दगड लागला.

आपल्या बोलीची श्रीमंती इथे बघा. पाणाड्या पाणी पाहतो. मग पाणी सांगतो किंवा दाखवतो. मग माणसं खांदतात किंवा बोअर घेतात. आणि मग पाणी लागतं, नाहीतर लागत नाही. 'लागणं' हे कुणाच्या हातातलं क्रियापद नाही, तिथे कर्ता पाणीच आहे. चार पायऱ्या, चार क्रियापदं, आणि धनी तीन: पाणाड्या, खांदणारी माणसं आणि पाणी. आजींनी त्या चारही एका वाक्यात अचूक लावल्या आहेत: पाहिलं, सांगितलं, खांदलं, लागला. इंग्रजीत 'डाउझ्ड फॉर', 'मार्क्ड', 'डग' आणि 'स्ट्रक' असे चार शब्द ठेवले तर पायऱ्या शाबूत राहतात. या सगळ्यांच्या ऐवजी एकच 'फाउंड' ठोकून दिला, की पाणाड्याचा दावा आणि जमिनीचं उत्तर एक होऊन जातं. मराठवाड्यात या दोहोंच्या मधल्या अंतरात माणसांनी एकर-एकर रान विकलंय.

हे अंतर मी एकदा जवळून पाहिलं. औसा तालुक्यात एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या रानात. पाणाड्या साठीचा, धोतर-टोपी, चपला बांधावर काढून ठेवलेल्या. शेंडीचा नारळ उजव्या तळव्यावर आडवा, शेंडी बोटांकडे. तूर काढलेल्या रानात तो सावकाश चालत होता, ढेकळं पायाखाली फुटत होती. बांधापासून तीसेक पावलांवर नारळाचं बूड हललं, तळव्यावर नारळ उभा राहिला. तो थांबला, दोन पावलं मागे गेला, पुन्हा पुढे आला, पुन्हा नारळ उभा. शेतकऱ्याने तिथे चुन्याची फुली मारली आणि वर दगड ठेवला. पाणाड्या म्हणाला, "दोन पाट एकत्र येतेत इथं." मानधन मागितलं नाही, सव्वा रुपया आणि नारळ घेतला.

त्या रात्री गाडी आली, तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडची. आपल्याकडच्या बऱ्याच बोअरच्या गाड्या तिकडच्याच. ऑपरेटर तमिळ, शेतकरी मराठी, मध्ये एजंट. २०० फुटांपर्यंत करडा फुफाटा उडत राहिला. बत्तीच्या उजेडात शेतकऱ्याचे केस आणि भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. तो दर २० फुटांना बाहेर आलेला चुरा मुठीत घेऊन दाबून बघत होता, ओल लागते का. ३२० वर त्याने "बंद करा" म्हटलं. तोवरचं बिल त्याच्या वर्षाच्या सोयाबीनपेक्षा जास्त होतं. पाणाड्याला त्याने कधी दोष दिला नाही. "त्यानं दाखवलं व्हतं, माझ्या नशिबात लागलं न्हाई" एवढंच म्हणाला. या वाक्यातले 'दाखवलं' आणि 'लागलं' इंग्रजीत वेगळे ठेवता आले नाहीत, तर त्या माणसाचं म्हणणंच हरवतं.

तुम्ही प्रश्नात शेवटी विचारलंय की असा शब्द वापरून आपण पाणाड्याच्या विद्येला मान्यता देतो का. देत नाही. 'डाउझ' फक्त कृतीचं नाव आहे. विद्या खरी की खोटी यावर माझं मत विचाराल तर स्पष्ट सांगतो: काडी पाणी ओळखते असं नीट घेतलेल्या चाचण्यांत दिसलेलं नाही. जर्मनीत म्युनिकजवळ १९८७-८८ मध्ये मोठी चाचणी झाली. सुमारे ५०० जणांतून निवडलेले ४३ जण एका कोठाराच्या वरच्या मजल्यावर आणि खाली सरकवता येणारा पाण्याचा पाइप. चाचणी घेणाऱ्यांनी काही जणांना यश आल्याचं म्हटलं. पण तेच आकडे पुढे दुसऱ्या शास्त्रज्ञाने तपासले तेव्हा ते अंदाजाने मारलेल्या खड्यांपेक्षा वेगळे निघाले नाहीत. काडी फिरते ती धरणाऱ्याच्या स्नायूंच्या नकळत होणाऱ्या हालचालीने, हे इंग्रज शरीरशास्त्रज्ञ विल्यम कार्पेंटर यांनी १८५२ सालीच मांडलं होतं. म्हणजे पाणाड्या फसवत असतो असं नाही. औशाचा तो म्हातारा मला पूर्ण प्रामाणिक वाटला, आजही वाटतो.

मग काही पाणाड्यांचं खरं कसं ठरतं? याचं उत्तर आपल्या पायाखाली आहे. आपला खडक दख्खनचा बसाल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थरावर थर. वरचा मुरूम आणि झिजलेला, मांजऱ्या खडक पाणी धरतो. सखल भागात पावसाळ्यानंतर उथळ विहीर कुठेही खांदली तरी थोडंफार पाणी लागतंच, आणि चाळीस वर्षं रानं तुडवलेल्या माणसाचे पाय आपसूक सखल भागाकडेच वळतात. खाली काळा पाषाण सुरू झाला की पाणी फक्त भेगांत आणि सांध्यांत. तिथे भेग चुकली तर शेजाऱ्याच्या बोअरला पाणी आणि तुमच्याला फुफाटा. विहिरींच्या काळातला पाणाड्या आणि बोअरच्या काळातला पाणाड्या यांच्या यशात फरक पडला, तो त्यांच्या हातांमुळे नव्हे, खोलीमुळे.

पण हे सगळं माझं मत. ते आजींच्या तोंडी घालू नका. 'तथाकथित', 'अंधश्रद्धाळू' असली विशेषणं अनुवादात चिकटवलेली मी पाहिली आहेत. तो अधिकार आपला नाही. टीप द्यायची असेल तर वेगळी द्या, तुमच्या नावाने द्या.

'पाणाड्या'साठी 'डाउझर' चालतो. आपल्या देशातल्या इंग्रजी वाचकांना 'वॉटर डिव्हायनर' जास्त ओळखीचा आहे, वर्तमानपत्रांत तोच येतो. अमेरिकेत 'वॉटर विच' म्हणतात, तो टाळा. त्या शब्दातली चेटकीण इंग्रजी वाचकाला दिसेलच, आणि आपल्या मामांच्या बाबतीत ते अगदीच चुकीचं चित्र. मी स्वतः पहिल्यांदा 'पाणाड्या' तसाच ठेवतो, एका ओळीत अर्थ सांगतो आणि पुढे तोच शब्द चालवतो. वाचक दुसऱ्या पानावर सरावतो.

'परस' पण तसाच ठेवा. त्याचे फूट करू नका. परस म्हणजे पुरुष, हात वर करून उभ्या माणसाएवढी खोली. सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत जमिनीखालच्या पाण्यावर अख्खा अध्याय लिहिला. झाडं, वारुळं आणि मातीचे रंग यांवरून पाणी किती खोल ते त्यात सांगितलं आहे, आणि खोलीचं माप 'पुरुष' हेच आहे. आजींच्या तोंडी ते माप दीड हजार वर्षं चालत आलंय. ते खोडून तिथे फुटांचा आकडा टाकणं मला तरी जमणार नाही.

पुढे कधी बोअरच्या मुलाखती कराल तेव्हा 'दोन इंची पाणी लागलं' हे वाक्य हमखास भेटेल. त्याचं 'टू इंचेस ऑफ वॉटर' केलं तर वाचकाला तळाशी दोन बोटं पाणी दिसेल, म्हणजे बरोबर उलटं. तो पाण्याच्या धारेचा अंदाज आहे, दोन इंची पाइप भरून वाहील एवढं. शेतकऱ्याचा तो आनंदाचा क्षण असतो.

आता 'डाउस'. याला कर्म थेट लागतं, आणि ओतलेली गोष्ट 'विथ' किंवा 'इन' घेऊन येते. त्यात तीन गोष्टी हव्यात: ओतणारा हात, भरपूर द्रव आणि झटका. मघाशी म्हटलेला तडाखा तो हाच. पावसात चिंब झालात तर 'ड्रेंच्ड' किंवा 'सोक्ड', कारण तिथे हात नाही. रानाला पाणी दिलं, आपण 'रान भिजवलं' म्हणतो, ते 'इरिगेटेड'. रंगपंचमीला बादली रिकामी केली, ते खास 'डाउस'. खांदेमळणीला बैल धुतले ते 'डाउस' नाही, तिथे हात सावकाश चालतो. सांबारात इडली बुडवून आणली, तर 'डाउस्ड इन सांबार' छान बसतं.

शेतीच्या कामात एक ठेच लागते. आपले शेतकरी 'ड्रेंचिंग केलं' म्हणतात ते आळवणीला, मुळापाशी औषधाचं पाणी सोडण्याला. तो शब्द इंग्रजीतही शेतीत 'ड्रेंच'च आहे, तो 'डाउस' करू नका. आणि जनावराला नळकांड्याने औषध पाजणं यालाही इंग्रजीत 'ड्रेंच' म्हणतात, म्हणून 'बैलाला ड्रेंच केलं' असं इंग्रजी अहवालात दिसलं तर बैलाला आंघोळ घालू नका.

'डाउस'ची सगळ्यात अवघड बाजू आगीची. 'डाउस्ड द फ्लेम्स', आग विझवली. 'डाउस्ड विथ पेट्रोल', पेटवण्यासाठी पेट्रोल ओतलं. एकच क्रियापद आग विझवतं आणि लावतंही. एकदा बातमीच्या अनुवादात मला वाक्य मिळालं की गावकऱ्यांनी कडब्याची गंजी 'डाउस' केली. पुढे काहीच नाही. विझवली की पेटवली? मूळ वार्ताहराला विचारलं तेव्हा कळलं, शेजारच्या गोठ्याची आग पसरू नये म्हणून आधीच पाणी मारून ठेवली होती. तिसराच अर्थ. म्हणून लिहिताना कशाने ओतलं ते सांगितल्याशिवाय हा शब्द सोडू नका. मराठीत आपल्याकडे विझवणं, मालवणं, ओतणं, शिंपणं, मारणं असे वेगळे शब्द आहेत, आपल्याला हा घोळ माहीतच नसतो. उत्साह 'डाउस' झाला तर आपलं 'विरजण पडलं' तयार आहेच.

आणि आता धोंडी.

तुमच्या तपासणाऱ्यांना ते वाक्य बरोबर वाटलं, कारण व्याकरणाने ते बरोबरच आहे. पोराच्या डोक्यावर बायका पाणी ओततात, हात आहे, कर्म आहे, 'विथ वॉटर' आहे. माझ्या लहानपणी आमच्या गल्लीतही धोंडी यायची. उघड्या अंगाचा पोरगा, कमरेला आणि डोक्याला लिंबाचे डहाळे, मागे पोरांचा घोळका. आई घागर उचलून ओतायची, पानांवरून पाणी निथळायचं, पोरगा हुडहुडायचा आणि मग सुपातलं पीठ झोळीत पडायचं. त्या धोंडीला 'डाउस' शोभतो.

पण ती ज्या सालांत पाऊस थोडा लांबला होता त्या सालांतली धोंडी. तुमच्या आजी बाहत्तरची सांगतायत. आड आटलेला, सहा परस खांदून मामाला दगड लागलेला. ज्या घरात प्यायला पाणी नाही त्या घरातली बाई पावसासाठी पोराच्या डोक्यावर पाणी ओततेय, आणि ते ओतताना तिचा हात अडखळतोय. म्हणून आजी ओतण्यावर थांबल्या नाहीत. पूर्णविराम देऊन त्यांनी वेगळं सांगितलं: तांब्यातलं अर्धंच. 'डाउस' म्हटलं की बादली येते, सढळपणा येतो. मग पुढचं 'अर्धंच' इंग्रजीत उगाच चिकटवलेलं वाटतं. तुमच्या मसुद्यात तर ते गळूनच गेलंय, मी दोनदा वाचून पाहिलं.

मी असं करीन. 'मामा' शब्द तसाच ठेवून पहिलं वाक्य: "मामा वॉक्ड द होल फील्ड विथ अ फोर्क्ड नीम ट्विग, डाउझिंग फॉर वॉटर, अँड मार्क्ड अ स्पॉट बाय द स्ट्रीम. वी डग सिक्स परस देअर अँड स्ट्रक ओन्ली रॉक." दुसऱ्यात 'डाउस' काढून टाका, साधा 'पोअर' घ्या: "व्हेन द धोंडी बॉय केम टू द डोअर, वी पोअर्ड वॉटर ओव्हर हिज हेड. ओन्ली हाफ द तांब्या." पूर्णविराम आजींनी दिलाय तिथेच ठेवा. संपादक दोन वाक्यं जोडा म्हणतील, जोडू नका. उरलेलं अर्धं पाणी घरात कोण प्यायलं असेल, हे आजींना एकदा जरूर विचारा.